नावानिशी ओळखलेली टेकडी

पुणे शहराच्या पश्चिम अंगाला चतुःशृंगीपासून कोथरूड-पाषाणपर्यंत एक खडकाळ रांग पसरली आहे. हनुमान टेकडी, लॉ कॉलेजची टेकडी, एआरएआयची टेकडी अशा तुकड्यातुकड्यांच्या नावांनी ती ओळखली जाते, आणि समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीवरचा वेताळाचा माथा हे तिचे, तसेच साऱ्या शहराचे, सर्वांत उंच ठिकाण आहे. पावसाळ्यात सुट्टीच्या सकाळी या रांगेवर एक वेगळ्या प्रकारची भटकंती चालते. वनस्पतींची जाणकार अशी एखादी व्यक्ती पुढे असते, तिच्यामागे दहा-वीस माणसे असतात, चालण्याचा वेग इतका मंद असतो की तासाभरात अर्धा किलोमीटरही सरत नाही, दर चार पावलांवर मंडळी थांबतात, गुडघे टेकतात, भिंग काढतात, आणि पुढे उच्चारलेले नाव एकाच्या तोंडून दुसऱ्याच्या कानी जात शेवटच्या माणसापर्यंत पोहोचते. रानफुले ओळखण्याची ही फेरी दिसते तितकी नवी नाही. तिच्यामागे जवळपास दोनशे वर्षांचा लिखित आणि त्याहून कितीतरी जुना अलिखित इतिहास आहे, आणि टेकडीवर जे उगवते त्याला नाव कोणी द्यायचे, ते कोणत्या भाषेत द्यायचे आणि कोणाच्या उपयोगासाठी, हा त्या इतिहासाच्या मुळाशी असलेला प्रश्न आहे.

ही रांग दख्खनच्या बेसॉल्टची, म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून वाहून आलेल्या लाव्हाच्या थरांवर थर बसून तयार झालेल्या काळ्या खडकाची आहे. थरांची कड जिथे उघडी पडली तिथे कातळाचे टप्पे दिसतात, खडक झिजून सुटा झाला तिथे मुरूम दिसतो, आणि या दोहोंवर कुठे चार बोटे तर कुठे वीतभर माती साचलेली असते. घाटमाथ्यावर वर्षाला काही हजार मिलिमीटर कोसळणाऱ्या पावसाचा थोडाच अंश पुण्यापर्यंत येतो. शहराच्या वाट्याला सरासरी ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस येतो आणि तोही मुख्यत्वे जून ते सप्टेंबर या काळातच. उरलेले आठ महिने कोरडे जातात, आणि चैत्र-वैशाखात तर खडक हाताला चटका देईल इतका तापतो. अशा जागी घनदाट अरण्य उभे राहत नाही. कुसळी, पवन्या, मारवेल अशा गवतांनी झाकलेले उतार, त्यांत विखुरलेली गणेर, सालई, मेडशिंगी, मोई, पांगारा ही पानगळीची झाडे आणि खालच्या अंगाला करवंद, तरवड, हेंकळ यांची झुडपे, हेच अशा खडकाळ, कमी पावसाच्या जागेचे स्वाभाविक रूप होय. हे स्पष्टपणे सांगणे आवश्यक आहे, कारण उन्हाळ्यात या रूपाकडे पाहणाऱ्या सरकारी आणि नागरी नजरेने टेकडीला वारंवार ‘उजाड’ आणि ‘पडीक’ ठरवले, आणि पुढे या टेकडीवर जे काही केले गेले त्यातील बरेचसे या दोन शब्दांतून निघाले.

प्रत्यक्षात उन्हाळ्यातली ती उघडी जमीन रिकामी नसते. तिच्या पोटात कंदवर्गीय वनस्पती, म्हणजे प्रतिकूल ऋतू जमिनीखालील कंदाच्या, गाठीच्या किंवा मुळाच्या आधाराने काढणाऱ्या वनस्पती, दबा धरून असतात. वळवाच्या सरींनी माती भिजताच त्यांची हालचाल सुरू होते, आणि गवत वाढून ऊन अडवण्याच्या आत फुलून घेण्याची त्यांची घाई पाहण्यासारखी असते. काळी मुसळी पानांच्या बुडाशी, जवळजवळ मातीला टेकून, पिवळी चांदणीसारखी फुले उघडते. ज्यांची कोवळी पाने कोळी भाजी किंवा फोडशी म्हणून घाटाखाली आणि मावळात आवडीने खाल्ली जातात, त्या क्लोरोफायटम प्रजातीतील वनस्पतींचे पांढरे तुरे याच सुमारास वर येतात; प्रजाती म्हणजे परस्परांशी जवळचे नाते असलेल्या अनेक जातींचा गट. पुणे आणि सिंहगड परिसरातील एक आमर, म्हणजे ऑर्किड कुळातील वनस्पती, जमिनीला चिकटलेले एकच हृदयाकृती पान आणि त्यावर छोट्या दांड्यावरची पांढरी फुले एवढ्याच भांडवलावर आपला संसार उरकते. मग आषाढ-श्रावणात रानहळद, कळलावी आणि नभाळी, भाद्रपदात तेरडा, कवळा आणि सोनकी, आणि गवत सोनेरी होईपर्यंत रानतीळ, असा हा क्रम चालतो. तो इतका आटोपशीर असतो की पंधरा दिवसांच्या अंतराने केलेल्या दोन फेऱ्यांत वाट तीच असूनही फुले वेगळी भेटतात, आणि म्हणूनच ही फेरी एकदा करून संपत नाही.

या वनस्पतींपैकी ज्यांच्यासाठी जाणकार मंडळी वाकून वाकून गवत धुंडाळतात, त्या सेरोपेजिया प्रजातीविषयी थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. मराठीत तिच्या जातींना खर्चुडी असे जुने नाव आहे आणि अलीकडे कंदीलपुष्प हे नाव रूढ झाले आहे. १७५३ मध्ये स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने प्रजातीला दिलेले लॅटिन नाव मेण आणि कारंजे या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांपासून बनले आहे, तर मराठी नाव टांगलेल्या कंदिलाच्या आकारावरून आले आहे. फूल म्हणजे बुडाशी फुगलेली, मध्ये अरुंद झालेली आणि वरच्या टोकाला पाच पाकळ्या एकमेकींना जोडून पिंजऱ्यासारखी झालेली एक नळी असते. वासाने ओढल्या गेलेल्या बारीक माश्या वरच्या फटींतून आत शिरतात. नळीच्या आतील केस खालच्या दिशेने वळलेले असल्यामुळे खाली जाणे सोपे आणि वर येणे अशक्य होते. आणि बुडाच्या फुगीर कोठडीत अडकलेली माशी फिरताना परागांचे गोळे तिच्या अंगाला चिकटतात. फूल जुने होऊ लागले की ते केस सुकून आक्रसतात, नळी आडवी होते आणि माशी सुटते, ती दुसऱ्या कंदिलात शिरण्यासाठीच. महाराष्ट्रात या प्रजातीच्या अनेक जाती प्रदेशनिष्ठ आहेत, म्हणजे जगाच्या पाठीवर फक्त याच टापूत सापडतात. तिचीच जवळची नातलग असलेली शिंदळमाकुडी शिवनेरी, पुरंदर, सज्जनगड अशा मोजक्या कड्यांवर उगवते. वनस्पतिशास्त्रज्ञ डाल्झेलने एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकात तिचे वर्णन प्रसिद्ध केले तेव्हा मुंबईचा तत्कालीन गव्हर्नर बार्टल फ्रियर याच्या नावावरून तिला फ्रेरिया इंडिका असे नाव दिले. जुन्नरच्या कड्यावर शिंदळमाकुडी म्हणून ओळखले जाणारे झुडूप अशा रीतीने एका गव्हर्नराचे स्मारक झाले, आणि नावे देण्याचा अधिकार कोणाच्या हाती गेला होता हे या एकाच उदाहरणावरून कळते.

तो अधिकार तिकडे जाण्यापूर्वीही टेकडीला नावे होतीच. ती देणारे लोक वनस्पतींकडे उपयोगाच्या, धोक्याच्या आणि पूजेच्या अंगाने पाहत असत, आणि त्यांच्या नावांत ते पाहणे साठून राहिले आहे. कळलावी हे नाव प्रसूतीच्या कळा आणण्यासाठी तिच्या विषारी कंदाचा वापर होत असे या समजुतीतून आले. कुसळीला तिचे नाव अंगावरच्या कपड्यांत आणि मेंढरांच्या लोकरीत रुतणाऱ्या कुसळांमुळे मिळाले. तेरड्याचा रंग तीन दिवस ही म्हण ज्याने प्रथम उच्चारली त्याने ते फूल दिवसागणिक पाहिले होते यात संशय नाही. गुराखी, धनगर, वैदू आणि गवत कापणाऱ्या बाया यांचे हे ज्ञान होते. त्याला जोडून राखीव गवताच्या कुरणांची व्यवस्था होती, आणि घोडदळावर चालणाऱ्या राज्यात कुरण ही राज्यकारभाराची बाब होती, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. माथ्यावरचा वेताळ हा याच वर्गाचा, गावाच्या वेशीबाहेरचा आणि शेंदराने माखलेला देव होय.

उपयोगाच्या या ज्ञानाबरोबर एक विधीही होता, आणि मार्गदर्शित फेरीचा खरा पूर्वज शोधायचा तर तो तिथेच सापडतो. मंगळागौर, हरितालिका आणि गणेशचतुर्थी या श्रावण-भाद्रपदातील पूजांना पत्री लागते. पत्री म्हणजे पूजेत वाहण्यासाठी आणलेली ठरावीक वनस्पतींची पाने. गणपतीला वाहायच्या एकवीस पत्रींच्या यादीत आघाडा, माका, डोरली, रुई, शमी, विष्णुक्रांता, दूर्वा अशी नावे येतात, आणि त्यांतील कित्येक वनस्पती बागेतल्या नसून बांधावरच्या, माळावरच्या आणि टेकडीच्या पायथ्याच्या आहेत. पत्री मंडईत विकत मिळू लागण्यापूर्वी ती गोळा करायला घरातील मोठ्या बाया मुलींना बरोबर घेऊन जात. आघाड्याचे पान कोणते, विष्णुक्रांता कोणती, डोरलीचा काटा कसा चुकवायचा, हे त्या वाटेवर शिकवले जाई. नावाची अचूकता तिथेही महत्त्वाचीच होती, कारण चुकीचे पान वाहून पूजा होत नसे. जाणत्या व्यक्तीच्या मागे चालत, ऋतूच्या ठरावीक दिवसांत, वनस्पती नावाने ओळखत फिरणे, ही या फेरीची सारी लक्षणे पत्री गोळा करण्यात आढळतात. वनस्पतिशास्त्राच्या इतिहासांत मात्र या बायांची दखल घेतलेली दिसत नाही, आणि ती उणीव लहान नाही.

लिखित इतिहासाची सुरुवात पुण्यालगत दापोडीला झाली. तिथल्या गव्हर्नराच्या निवासस्थानालगत सर जॉन माल्कम याच्या कारकिर्दीत, १८२८ मध्ये, सरकारी वनस्पतिबाग उभी राहिली. तिचा हेतू औषधी आणि व्यापारी वनस्पतींची लागवड करून पाहण्याचा होता. १८३८ पासून तिची देखरेख अलेक्झांडर गिब्सन या स्कॉटिश डॉक्टरकडे आली, आणि जुन्नरजवळच्या हिवऱ्यालाही तिची शाखा होती. गिब्सन १८४७ मध्ये मुंबई इलाख्याचा वनसंरक्षक झाला. त्याच सुमारास, १८४७ ते १८५० या काळात, त्याने एका पोर्तुगीज-भारतीय वंशाच्या चित्रकाराकडून वनस्पतींची चित्रे काढून घेतली. ती आज एडिंबरोच्या वनस्पतिबागेत दापुरी चित्रे म्हणून जपली आहेत. चित्रांना दापोडीचे नाव मिळाले, गिब्सनचे नाव सर्वत्र लागले, चित्रकाराचे मात्र लागले नाही. पुढे १८६१ मध्ये डाल्झेल आणि गिब्सन यांनी मिळून मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवर ग्रंथ लिहिला. दापोडीची बाग मागे पडल्यावर १८७३ मध्ये गणेशखिंडीत नवी वनस्पतिबाग झाली. वेताळाच्या रांगेच्या उत्तर टोकाशी असलेली ही बाग २०२० मध्ये जैवविविधता वारसास्थळ म्हणून घोषित झाली आहे.

वसाहतकाळातील सर्वांत मोठे काम थिओडोर कुक याचे होय. हा आयरिश अभियंता रेल्वेच्या कामासाठी हिंदुस्थानात आला, पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा, म्हणजे पुढच्या कॉलेज ऑफ सायन्सचा, प्राचार्य झाला आणि वनस्पतींच्या नादी लागला. निवृत्तीनंतर लंडनजवळच्या क्यू येथे बसून त्याने मुंबई इलाख्यातील वनस्पतींचा जो ग्रंथ लिहिला, तो १९०१ ते १९०८ या काळात भागाभागाने प्रसिद्ध झाला आणि पश्चिम भारतातील वनस्पतींची ओळख पटवण्यासाठी अजूनही प्रथम तोच उघडला जातो. त्याची मांडणी जाणून घेण्यासारखी आहे. प्रत्येक जातीचे लॅटिन नाव, वर्णन, फुलण्याचा काळ, देशी नाव आणि ती कुठे व कोणी गोळा केली याची नोंद, असा क्रम त्यात आहे. गोळा करणाऱ्याच्या नावापुढे उद्गारचिन्ह असते, आणि वनस्पतिशास्त्राच्या संकेतानुसार त्याचा अर्थ असा की लेखकाने तो नमुना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला आहे.

त्या उद्गारचिन्हांच्या अलीकडे असलेली नावे वाचत गेले की पुण्याभोवतालच्या डोंगरांवर कोण चालत होते हे कळू लागते. कॉलेज ऑफ सायन्समध्ये वनस्पतिशास्त्र शिकवणारा वुड्रो तिथे आहे, कानिटकर आहेत, आणि पानोपानी भेटणारे एक नाव आहे: भिवा! आडनाव नाही, पद नाही, केवळ भिवा आणि उद्गारचिन्ह. तो कुकसाठी नमुने गोळा करणारा माणूस होता, आणि ग्रंथात त्याची एवढीच ओळख दिली आहे. गोऱ्या अधिकाऱ्याने एखादी जात प्रथम टिपली की तिला त्याचे नाव मिळे. आज सोनकी म्हणून पठारे पिवळी करणाऱ्या फुलांच्या एका जातीला जॉन ग्रॅहमचे नाव दिले गेले, तर अनेक जातींना लॉ आणि डाल्झेल यांची नावे मिळाली. घाटवाटा तुडवून, नेमकी फुललेली डहाळी निवडून ती न चुरगळता आणणाऱ्याच्या वाट्याला उद्गारचिन्ह आले. तरीही ते चिन्ह क्षुल्लक मानता येत नाही, कारण साक्षीच्या दृष्टीने पाहिले तर साऱ्या ग्रंथाचा भार त्याच्यावरच आहे.

नमुना गोळा करणे म्हणजे काय, हेही इथे सांगायला हवे, कारण फेरीचे मूळ रूप तेच होते. वनस्पती शक्यतो मुळासकट उपटायची, टीपकागदाच्या घड्यांत पसरून लाकडी चौकटीत आवळायची, कागद रोज बदलून ती वाळवायची, किडीपासून राखण्यासाठी पाऱ्याच्या विषारी क्षाराचा हात द्यायचा आणि जाड कागदावर शिवून किंवा चिकटवून त्याच्या कोपऱ्यात नाव, ठिकाण, दिनांक आणि गोळा करणाऱ्याचे नाव लिहायचे, अशी ही पद्धत आहे. अशा कागदांच्या संग्रहाला हर्बेरियम म्हणतात. युरोपात हिचा उगम औषधविक्यांच्या शिक्षणात आहे. लंडनच्या औषधविक्यांच्या संघाचे उमेदवार सतराव्या शतकाच्या पूर्वार्धापासून वडीलधाऱ्यांबरोबर गावाबाहेर वनस्पती शोधायला जात, आणि १६२९ मध्ये टॉमस जॉन्सनने अशा एका सफरीचा वृत्तांतही छापला. अठराव्या शतकाच्या मध्यावर उप्साला येथे लिनियसच्या फेऱ्या तर मिरवणुकीसारख्या होत. दिवसभर वनस्पती गोळा करून त्याचे विद्यार्थी शिंगे आणि नगारे वाजवत गावात परतत. औषधात चुकीची मुळी पडू नये म्हणून सुरू झालेली लंडनची ही शिस्त आणि पूजेत चुकीचे पान पडू नये म्हणून पाळली जाणारी मंगळागौरीची शिस्त यांत आश्चर्य वाटावे इतके साम्य आहे.

पुण्यात विसाव्या शतकात ही शिस्त महाविद्यालयांनी उचलली. कृषी महाविद्यालयातील रघुनाथ भिडे यांनी गवतांवर असे काम केले की गवतांच्या एका प्रजातीला पुढे भिडिया हे नाव मिळाले. गोळा करणाऱ्या देशी माणसाचे नाव उद्गारचिन्हाच्या अलीकडून थेट वनस्पतीवर गेल्याचे हे उदाहरण आहे. १९४६ मध्ये प्राध्यापक शंकर पुरुषोत्तम आघारकर यांनी महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी ही संस्था स्थापन केली. तिला आज आघारकर संशोधन संस्था म्हणतात आणि ती लॉ कॉलेजच्या टेकडीच्या पायथ्याशी आहे. भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे पश्चिम विभागीय कार्यालय १९५५ मध्ये पुण्यात आले आणि कृषी महाविद्यालयातील जुना संग्रह त्याच्याकडे गेला. विज्ञानवर्धिनीतील डॉ. वा. द. वर्तक यांनी माधव गाडगीळ यांच्यासह पश्चिम घाटातील देवरायांवर १९७६ मध्ये प्रसिद्ध केलेला लेख हा त्या विषयातला पायाचा लेख मानला जातो. देवाच्या नावाने राखलेल्या रानांची माहिती ग्रामस्थांकडून घेऊन ती वनस्पतिशास्त्राच्या चौकटीत मांडल्यामुळे, भिवाच्या काळी विभागलेल्या दोन ज्ञानपरंपरा तिथे पुन्हा समोरासमोर आल्या.

याच पायथ्याशी राहणाऱ्या आणखी एका चालणाऱ्याचा उल्लेख येथे अप्रस्तुत ठरणार नाही. गणिती आणि इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबी भांडारकर संस्थेजवळच्या आपल्या घरामागील टेकडीवर नित्य फिरत आणि तिथे सूक्ष्मपाषाण अवजारे, म्हणजे अश्मयुगातील माणसाने गारगोटीसारख्या दगडाचे कपचे काढून केलेली नखाएवढी हत्यारे, वेचत. वेताळासारख्या देवांची ठाणी आणि जुन्या भटक्या जमातींच्या वाटा यांचा संबंध त्यांनी १९६२ च्या ‘मिथ अँड रिअॅलिटी’ या ग्रंथात जोडून दाखवला. फुले त्यांचा विषय नव्हता, परंतु पायाखालची टेकडी रिकामी नसून ती वाचता येते, हे दाखवण्याची त्यांची पद्धत फुलांच्या फेरीच्या जातकुळीचीच आहे.

फेरी विद्यार्थ्यांपुरती न राहता सर्वांची झाली ती विसाव्या शतकाच्या अखेरच्या तीन दशकांत, आणि ती झाली मुख्यतः मराठीतून. आबासाहेब गरवारे महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या डॉ. हेमा साने आणि प्रा. श्री. द. महाजन यांनी मराठीत लिहिलेल्या पुस्तकांनी झाडांची नावे सामान्य वाचकाच्या तोंडी आणली. प्रकाश गोळे यांनी १९८२ मध्ये स्थापन केलेल्या इकॉलॉजिकल सोसायटीने झाड, गवत, पाणी आणि माणूस एकत्र पाहण्याचे शिक्षण दिले. व्यवसायाने अभियंता असलेल्या श्रीकांत इंगळहळीकर यांचा २००१ मधील ‘फ्लॉवर्स ऑफ सह्याद्री’ हा ग्रंथ सुमारे ५०० फुलांचा होता आणि त्याची मांडणी कुळांनुसार नसून फुलांच्या रंगांनुसार होती. हा फरक वरवरचा वाटला तरी महत्त्वाचा आहे, कारण कुकचा ग्रंथ उघडण्यासाठी आधी वनस्पतिशास्त्र यावे लागते आणि रंगाने मांडलेला ग्रंथ उघडण्यासाठी केवळ डोळे उघडे असावे लागतात. पठारांवर दिव्याच्या काडीसारख्या दांड्यावर फुलणाऱ्या डिपकाडी या कंदवर्गीय प्रजातीला दीपकाडी म्हटले जाते तेव्हा लॅटिन नामावली आणि मराठी कान यांची गाठ किती सहज पडते हेही दिसते. ज्यांना लोकभाषेत नावच नव्हते, कारण त्या कोणाच्या औषधाला, चाऱ्याला किंवा पूजेला लागत नव्हत्या, अशा कितीतरी लहान वनस्पतींना या पिढीने मराठी नावे दिली. अशा नावांना कृत्रिम म्हणून नाके मुरडली जातात, पण ते योग्य नाही. प्रत्येक नाव कधीतरी कोणीतरी प्रथम उच्चारलेले असते.

याच काळात फेरीचा आचारही पालटला. उपटण्याच्या जागी पाहणे आले, टीपकागदाच्या जागी छायाचित्र आले, आणि फूल तोडू नये हा नियम फेरीच्या आरंभी सांगितला जाऊ लागला. संग्रहाची गरज संपली आहे असा याचा अर्थ नव्हे; जातीची अंतिम निश्चिती आजही वाळवलेल्या नमुन्यावरच होते. परंतु भिवाच्या काळी टेकडीभोवती शहर नव्हते, आणि आज शहराच्या मधोमध उरलेल्या टेकडीवर शंभर जणांनी एकेक रोप उपटले तर काय उरेल हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही.

टेकडीवरचे संकट फुले तोडणाऱ्यांमुळे मात्र फारसे ओढवलेले नाही. शहर बांधण्यासाठी लागणारा दगड याच रांगेतून निघाला, आणि माथ्यावरची पाण्याने भरलेली जुनी खाण त्याची साक्ष देत आहे. गाजरगवत अर्थात काँग्रेस गवत ही मूळची अमेरिका खंडातील वनस्पती भारतात पसरू लागल्याची पहिली शास्त्रीय नोंद पुण्यातलीच असून ती वनस्पती सर्वेक्षणाचे रोल्ला शेषगिरी राव यांनी १९५६ मध्ये प्रसिद्ध केली. जुन्नरच्या डोंगरातील एका कंदीलपुष्पाला पुढे त्यांचेच नाव मिळाले, त्यामुळे एका आक्रमक तणाची आणि एका दुर्मिळ फुलाची अशा दोन्ही कथांत हे नाव येते. त्याहून खोल परिणाम वृक्षारोपणाचा झाला. ‘पडीक’ जमीन हिरवी करण्याच्या प्रामाणिक इच्छेने या उतारांवर मध्य अमेरिकेतील गिरिपुष्प, म्हणजे उंदीरमारी, मोठ्या प्रमाणावर लावली गेली, कारण ती फांदीपासूनही लागते, वेगाने वाढते आणि गुरे तिला सहसा तोंड लावत नाहीत. तिच्या सावलीत आणि पालापाचोळ्याच्या थरात गवत मावळले, आणि गवताबरोबर उघड्या उन्हावर जगणारी कंदवर्गीय फुलेही. या झाडांखाली टेकडी लांबून अधिक हिरवी दिसते आणि जवळून अधिक गरीब असते, ही गोष्ट फेरीत गुडघे टेकून पाहणाऱ्यांच्या लक्षात सर्वांआधी आली, कारण कुठे काय उगवत होते हे त्यांनाच नावानिशी ठाऊक होते.

शहर आणि टेकडी यांच्या वादातही या नावांना वजन आले. १९९७ मध्ये महापालिकेच्या हद्दीत आलेल्या २३ गावांतील टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचे आरक्षण ठेवण्याचा प्रस्ताव पुढे आला. त्याचे क्षेत्र ९७६ हेक्टर होते आणि त्यावरील वाद अनेक वर्षे चालला. जमिनीच्या आरक्षणाच्या कारणात ‘जैवविविधता’ हा शब्द येणे हेच नवे होते, आणि तो निव्वळ शब्द राहू नये म्हणून वनस्पतींच्या याद्या लागत होत्या. त्या याद्या अशा फेऱ्यांतून आणि महाविद्यालयांच्या अभ्यासांतून वर्षानुवर्षे साठत आल्या होत्या. वेताळ टेकडीतून नेण्याचे योजलेल्या बालभारती-पौड फाटा रस्त्याविरोधात एप्रिल २०२३ मध्ये निघालेल्या नागरिकांच्या मोर्चाची मागणीही टेकडी जशी आहे तशी राहावी अशीच होती.

फेरीत अलीकडे आणखी एक पालट दिसतो. एकोणिसाव्या शतकात नमुन्याच्या कागदावर नेमके ठिकाण लिहिलेले नसेल तर तो निरुपयोगी ठरे. कुकच्या ग्रंथातील प्रत्येक नोंद ठिकाणाच्या नावाने आणि गोळा करणाऱ्याच्या साक्षीने पुरी होते. आजची जाणकार मंडळी कंदीलपुष्प किंवा दुर्मिळ आमर सापडली की तिचे नाव सांगतात, तिची रचना समजावतात, छायाचित्रही काढू देतात, परंतु ते पुढे पाठवताना जागा लिहू नये असे बजावतात, कारण कंद खणून नेणारे आणि छायाचित्रासाठी भोवतालचे गवत तुडवणारे दोघेही तीच जागा शोधत येतात. फेरीतल्या मंडळींना ती जागा पाठ असते. पुढच्या जूनमध्ये, पहिल्या दोन-तीन पावसांनंतर, ती त्याच कातळाच्या कडेला येऊन वाकतात आणि कंद आहे की नाही ते पाहून जातात.